खडकावर अनवाणी

९ फेब्रुवारी

चष्मेवाल्या मॅडमनी ही वही दिली. त्या समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करतात आणि गेलं वर्षभर आमच्या खडकावर वाकून काहीबाही मोजत असतात. म्हणाल्या, "मुकादम, खडकावर जे दिसेल ते रोज लिहून ठेवा. पाहुणे कुठे वाढले, शिंपले कसे आहेत, सगळं." मी म्हटलं, लिहितो की. शाळेत माझे निबंध गुरुजी वर्गात वाचून दाखवायचे. त्यानंतर लिहायचा प्रसंग आला तो फक्त सहीचा.

पण दोन ओळी लिहिल्या आणि कळलं की ही वही मॅडमना काही परत देता येणार नाही. सगळ्यात आधी त्यांच्याबद्दलच लिहावंसं वाटतंय. बाई चांगली आहे, पण आपल्याला शिकवायला आली आहे हे चेहऱ्यावरून जात नाही.

तर, खडक. ओहोटीला उघडा पडणारा लांबच लांब काळा पट्टा, वरपासून खालपर्यंत शिंपल्यांनी मढलेला. आधी वडील इथे मुकादम होते, आता मी आहे. मुकादमाचं काम म्हणजे कुणी कुठे आणि किती काढायचं ते ठरवणं, बारीक शिंपल्यांना कुणाला हात लावू न देणं आणि सगळ्यांच्या शिव्या खाणं. तिन्ही कामं मी मन लावून करतो.

पाहुणे तीनेक वर्षांपूर्वी आले. कुठल्याशा जहाजाच्या बुडाला चिकटून आले म्हणतात. कालवाच्याच जातीतले, पण इथले नव्हेत. तळहाताएवढे, पांढुरके, आणि कडा वस्तऱ्यासारख्या. पहिला दिसला तेव्हा माझ्या मेहुण्याने त्याला हात जोडले आणि म्हणाला, "या पाहुणे, बसा." सगळे पोट धरून हसलो होतो. पाहुणे बसले ते बसलेच. आता शिंपल्यांच्या मधेमधे सगळीकडे तेच. ही खिडकीतून खडक बघते आणि म्हणते, "अहो, आपल्या काळ्या साडीला कुणीतरी पांढरी ठिगळं लावलीत."

ही म्हणजे आमची मंडळी. लग्न होऊन आली त्या दिवशी पलंगाची खिडकीकडची बाजू तिने घेतली ती आजतागायत सोडलेली नाही. खिडकीला पडदाही लावू देत नाही. डोळे उघडले की खडक दिसला पाहिजे म्हणे. मी समोर दिसलो नाही तरी चालतं.

१२ फेब्रुवारी

आज मेहुणा खडकावर गमबूट घालून आला.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"बूट आहेत, भावोजी. पायात घालतात."

लोक हसले आणि तिथेच माझं डोकं फिरलं. खडकावर बूट नाही, हा वडिलांपासूनचा नियम. बुटाखाली बारीक शिंपले चुरडतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. अनवाणी पायाला कळतं. तळव्याखाली मोठं आहे का बारीक, जिवंत आहे का रिकामं, हे पाय सांगतो आणि आपण वजन उचलतो. पुढच्या वर्षीचं पीक पायाखाली असतं. आमच्याकडे खडकावर बूट घालून येणं म्हणजे पेरलेल्या शेतातून बैलगाडी नेणं.

मेहुणा म्हणाला, पाय कापतात. तळव्याला चिंधी बांधलेली होती खरी. "पाहुण्याने चावा घेतला."

मी म्हटलं, "तुलाच बरा चावतो! तुझ्या बहिणीकडे बघ. सगळ्यात वाईट जागी उभी आहे, हूं की चूं नाही."

आणि खरंच ती उभी होती. पाहुण्यांचा नुसता बुजबुजाट असलेल्या कडेवर, अनवाणी, जमिनीवर उभी असावी तशी. हिच्या पायांना काही लागतच नाही. गेली दोन वर्षं तर थंड पाण्याचंही काही वाटत नाही तिला. मी सगळ्यांना अभिमानाने सांगतो, मुकादम मी असेन, पण खडकाचे पाय हिचे.

मेहुण्याला मी तिथेच बूट काढायला लावले आणि ते हातात धरून सगळ्यांच्या समोरून परत पाठवला. ही वळली आणि मोठ्याने म्हणाली, "माझा भाऊ असला म्हणून काय झालं? नियम तो नियम." मूठभर मांस चढलं अंगावर. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

घरी आल्यावर मात्र माझ्या पानात तिने भाजी जरा कमीच वाढली.

२० फेब्रुवारी

लिलावाच्या शेडमध्ये सगळे जमलो. मी मांडलं की आता पाहुण्यांना शेवटचा नमस्कार करायचा. हातोड्या, पहारी घेऊन एका टोकाकडून सुरुवात करायची आणि एकेक फोडून खडक साफ करायचा.

मॅडम उठल्या. "फोडून ते संपणार नाहीत. तुम्ही फोडाल तेवढी जागा रिकामी होईल आणि रिकाम्या जागेवर आधी तेच येऊन बसतील. त्यात आता उन्हाळा येतोय. त्यांच्या पोटात बी तयार होतं. फोडलंत की ते सगळं पाण्यात जाईल. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने पेरणी कराल."

"मग करायचं काय? त्यांना पाट-रांगोळी?"

"थांबायचं. दुसऱ्या किनाऱ्यांवर असं दिसलंय की काही वर्षांनी शिंपले ह्यांच्याच फटींमध्ये राहायला लागतात. लाटेपासून आडोसा मिळतो त्यांना. कमी होतील, पण जाणार नाहीत. आणि कृपा करून बूट घाला. हे नुसतं कापणं नाही, ह्या पाण्यात जखमा चिघळतात."

मी म्हटलं, "मॅडम, चोर घरात शिरला तर त्याच्या आडोशाला राहायचं म्हणता?"

टाळ्या पडल्या. मॅडम खाली बसल्या. त्यांनी ऑफिसातून सगळ्यांसाठी गमबुटांची पोती आणली होती, लहानमोठ्या मापांची. ती शेडच्या कोपऱ्यात ठेवून त्यांनी काढता पाय घेतला. मी सगळ्यांदेखत म्हणालो की ह्या पोत्यांना जो हात लावेल त्याने खडकाचं नाव विसरावं. मेहुणा माझ्याकडे न बघता बहिणीकडे बघत होता.

बाई हट्टी आहे. माझ्यासारखीच.

४ मार्च

काम सुरू झालं. ओहोटी लागली की आम्ही हजर. ठणाठण आवाज चालू असतो, बोललेलं ऐकू येत नाही. पाहुणा फुटला की आतून दुधासारखं पांढरं येतं. डबक्यांमधलं पाणी पांढरं होऊन जातं आणि भरतीबरोबर समुद्रात निघून जातं. बघायला फार बरं वाटतं. घाण निघून चालल्यासारखी.

ही सगळ्यांच्या पुढे. बाकीचे पाय जपत जपत टाकतात, ही सरळ चालत जाते. दोघा-तिघांचं काम एकटी उरकते. हिला साखरेचा आजार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय जास्त दमू नका, पण डॉक्टरांचं ऐकायचा आमच्या घराण्यात रिवाज नाही. गोळ्या घेते. गोडही खाते, चोरून. मला माहीत आहे हे तिला माहीत आहे.

११ मार्च

खडकावर रक्त दिसलं. एकाच पायाचे ठसे, मधल्या टेपाडापासून वाळूपर्यंत गेलेले. मी सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं, कुणाला लागलंय? कुणी कबूल होईना. मेहुण्याचा तळवा तपासला, त्याची जुनी जखम भरत आली आहे. हिलाही विचारलं. ती म्हणाली, "मला कुठे काय लागतं?" आणि हसली. मग बाकीचेही हसले.

घरी आलो तर दारापासून न्हाणीपर्यंत लादीवर तसेच डाग. ही फडकं घेऊन लगबगीने पुसत होती. म्हणाली, मासळीची पिशवी गळली. आज घरात मासळी नव्हती, पण असेल बाबा, काल आणली असेल. मला स्वयंपाकघरातलं काय कळतं.

१५ मार्च

शेडमध्ये कुणीतरी बुटांच्या पोत्याला हात लावला आहे. सगळ्यात लहान मापाचा जोड वर काढलेला होता आणि एका बुटात पायमोजा राहिला होता, निळा. कुणीतरी घालून बघितला आणि गुपचूप काढून ठेवला. मला मेहुण्याचा संशय. त्याला जाब विचारला तर म्हणाला, "भावोजी, हा जोड माझ्या अंगठ्यालासुद्धा येणार नाही." ते खरं आहे. पण त्याने कुणासाठी तरी काढला असेल. आमची चांगलीच जुंपली. ही मधे पडली नाही, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रात्री जेवलीही नाही. भावाची बाजू घेता येत नाही म्हणून रागावली असणार.

२३ मार्च

उकाडा वाढलाय आणि ही घरात पायमोजे घालून फिरते. मी म्हटलं, "काय मेमसाहेब, बर्फ पडतोय का?" म्हणाली, "वयोमानाने गार वाटतं." खडकावर जाताना काढते, घरी आली की न्हाणीचं दार लावून घेते ती कितीतरी वेळ बाहेर येत नाही. बाहेर येते ती पुन्हा मोजे घालूनच. बायकांचं न्हाणीघर हा वादाचा विषय नाही, मी बोलत नाही.

खडकाचा अर्ध्याहून जास्त भाग साफ झाला. स्वच्छ काळा दगड बघून डोळे निवतात. वडील असते तर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला असता. जिवंत असताना कधी ठेवला नाही, पण आज ठेवला असता.

३० मार्च

घरात वास मारतोय. मी मॅडमना दाखवायला म्हणून काही फुटके पाहुणे बादलीत ठेवले होते, ते कुजले असणार. बादली लांब नेऊन फेकून दिली. फिनेल टाकून लादी पुसली. तरी वास आहेच, पलंगाजवळ जास्त. उंदीर मेलाय की काय बघायला पलंग सरकवू म्हटलं तर ही उठायला तयार नाही. अंग मोडून आलंय म्हणाली. मी म्हटलं पडून राहा, उद्या बघू.

२ एप्रिल

हिला ताप आहे. तरी खडकावर आली. मी म्हटलं नको येऊस, तर म्हणाली, "शेवटचा दिवस आहे, मुकादमाची बायको घरी बसली असं व्हायला नको." आणि खरंच आज संपलं. खडकाच्या टोकाला होड्यांसाठी दिव्याचा खांब आहे, त्याच्याखालचा एक कोपरा तेवढा राहिला, तिथे लाट फार लागते, हातोडी चालवता येत नाही. बाकी सगळा खडक साफ. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढंच बाकी ठेवलं. ही वाळूवर बसून राहिली होती, दात वाजत होते तिचे. माझ्याकडे बघून हात हलवला. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, हे मी इथे लिहून ठेवतो.

५ एप्रिल

पोरगी सुट्टीवर घरी आली. शहरात नोकरीला असते. दारातच थबकली, नाकाला रुमाल लावला. "बाबा, वास कसला?" मी म्हटलं उंदीर असेल. पिशवी टाकून ती सरळ आईपाशी गेली, पांघरूण वर केलं आणि मोजा ओढला. मोजा निघेना.

मग निघाला.

मी लिहू शकत नाही काय होतं ते. डावा पाय. बोटं काळी होती.

पोरगी ओरडली, "तुम्ही एका घरात राहता ना? एका पलंगावर झोपता ना?"

ही म्हणाली, "त्यांना ओरडू नकोस गं. दुखत नाही मला. खरंच दुखत नाही."

८ एप्रिल

इस्पितळ. डॉक्टर पोरसवदा आहे, पण बोलतो सरळ. साखर असली की पायांची जाणीव हळूहळू मरते, म्हणाला. लागलेलं कळत नाही. कापलेलं कळत नाही. "ह्यांनी पायाला काही लागत नाही असं कधी सांगितलं होतं का?"

मी काय सांगणार होतो? सगळ्या खडकाला सांगत फिरलो होतो मी. अभिमानाने.

११ एप्रिल

आधी बोटं काढली. विष वर चढत होतं. आज गुडघ्याखालून. डॉक्टरांनी कागद पुढे केला, मी सही केली. सही नेहमीसारखीच आली. मला वाटलं होतं वेगळी येईल.

मेहुणा रात्रंदिवस व्हरांड्यात बसून आहे. मला एक शब्द बोलला नाही. चहा आणून देतो. बोलला असता तर बरं झालं असतं.

१९ एप्रिल

आज ती नीट बोलली. मी खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, कधी कळलं तुला?

"डाग दिसले तेव्हा. लादीवर. मला वाटलं तुमचे आहेत. मग माझा पाय बघितला."

"मग बोलली का नाहीस?"

ती छताकडे बघत होती. "माझ्या भावाला तुम्ही सगळ्यांसमोर बूट काढायला लावलेत. मीही वर बोलले, नियम तो नियम. मग मी कुठल्या तोंडाने बूट घालणार होते? एकदा शेडमध्ये जाऊन घालून बघितले. मापाचे होते अगदी." मग म्हणाली, "लोक म्हणाले असते, मुकादमाच्या घरातच नियम नाही."

"लोक गेले खड्ड्यात."

"हे तेव्हा म्हणायचं होतं," ती म्हणाली. रागाने नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी.

मी बाहेर येऊन व्हरांड्यात मेहुण्याच्या शेजारी बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. त्याने पाठीवर हात ठेवला. निळा पायमोजा हिचा होता. मीच आणला होता बाजारातून.

१ मे

खडकाकडे गेलोच नव्हतो इतके दिवस. मॅडम इस्पितळात येऊन गेल्या होत्या, त्यांनीच म्हटलं, एकदा येऊन बघा. पोरगी बरोबर आली. शेडमधून बुटांची पोती बाहेर काढली आणि जे जे आले त्यांना वाटली. मीही घातले. जन्मात पहिल्यांदा खडकावर बूट घालून उभा राहिलो. पायाला काहीच कळत नव्हतं. हिला दोन वर्षं असंच वाटत होतं तर.

आभाळ आलेलं होतं, लांबून वाटलं खडक काळाच आहे. जवळ गेलो तर आम्ही साफ केलेल्या प्रत्येक दगडावर बारीक पांढरे ठिपके. नखाएवढे. बोट ठेवायला जागा नाही. एकूण एक पाहुणे. शिंपल्याचं पिल्लू औषधाला नाही.

"मार्चमधलं बी," मॅडम म्हणाल्या. एवढंच. मी म्हणाले नव्हते का, हे त्या बोलल्या नाहीत. मला वाटतं मी त्यांच्या जागी असतो तर बोललो असतो.

मग त्यांनी दिव्याच्या खांबाखाली नेलं, जिथे आमची हातोडी पोचली नव्हती. जुने मोठे पाहुणे तसेच होते. त्यांच्या फटींमध्ये वाकून बघितलं. आत शिंपले होते. काळे, ओले, एकमेकांना घट्ट धरून बसलेले, आणि त्यांच्यामध्ये बारीक बारीक पिल्लं, पुढच्या वर्षीची. लाट आली, सगळ्यांच्या अंगावरून गेली, एकही हलला नाही.

म्हणजे काही करायचीच गरज नव्हती. बूट घालून घरी बसलो असतो तरी खडक राहिला असता.

पोरगी फोनवर फोटो काढत होती. पांढऱ्या ठिपक्यांचे, फटीतल्या शिंपल्यांचे, सगळ्याचे. मी तिला बजावलं, आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये. निदान तिला वाटू दे की खडक वाचला. तिने फोन खिशात टाकला.

४ मे

परवा घरी सोडणार आहेत. मी घर झाडून काढलं. पलंग खिडकीशी आहे तसाच आहे. तिच्या बाजूला बसून बघितलं. ओहोटी होती. ऊन पडलं की पांढरे ठिपके चमकतात, घरातूनसुद्धा दिसतात. वाढतील तसे आणखी दिसतील. ही आता दिवसभर इथेच पडून राहणार आणि समोर हेच बघणार. तिला काय सांगू? पडदा शिवून घेऊ? पडदा लावला तर आधी तोच ओढेल.

पलंग मागच्या खोलीत न्यावा असं मनात आहे. पण कारण काय सांगायचं? ओल आली म्हणावं, भिंत पडायला झाली म्हणावं. घोकून ठेवतो. खोटं बोलताना माझी जीभ अडखळते हे तिला लग्नापासून माहीत आहे.

५ मे

संध्याकाळी इस्पितळात गेलो तर मायलेकी पलंगावर बसून एका फोनमध्ये डोकं घालून काहीतरी बघत होत्या. मला बघताच पोरीने फोन पालथा ठेवला. तिचे डोळे लाल होते. सर्दी झाली म्हणाली. इस्पितळातली हवाच तशी.

हिने मला बसायला सांगितलं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग विचारलंच, "खडक कसा आहे?"

मी तयारीत होतो. "साफ आहे. आरशासारखा."

"आणि पाहुणे?"

"गेले. एखाददुसरा असेल कुठे खांबाखाली. तो काय, त्याला बघून घेऊ."

जीभ अडखळली नाही. मलाच नवल वाटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. फार वेळ बघत राहिली. मग जिथे पाय नाही तिथली चादर हाताने सारखी केली आणि म्हणाली, "चला. म्हणजे फुकट नाही गेला."

मी म्हटलं, "नाही गेला."

पोरगी उठून खिडकीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

मग हीच म्हणाली, "अहो, घरी पलंग मागच्या खोलीत लावा. समोरून वारा फार लागतो. आणि त्या उजेडाने मला झोप येत नाही."

मी म्हटलं, "लावतो की. त्यात काय." घोकलेली कारणं घोकलेलीच राहिली. छातीवरचा धोंडा उतरला. इतक्या वर्षांत कधी वाऱ्याची तक्रार नाही, उजेडाची नाही, आणि नेमकं आता तिला हे सुचावं. आजारपणाने माणसाच्या सवयी बदलतात.

निघताना तिने माझा हात धरला. "जेवलात का?" म्हणाली. मी हो म्हटलं. तेही खोटंच होतं.

६ मे

सकाळी मेहुणा आला. आम्ही दोघांनी पलंग उचलला आणि मागच्या खोलीत नेला. तिथल्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते, दुसरं काही दिसत नाही. मेहुण्याने विचारलं, "ताईला इथे करमेल?" मी म्हटलं, तिनेच सांगितलंय. त्याने त्या भिंतीकडे बघितलं आणि चादर घालायला लागला.

दुपारी तिला आणायचं आहे. हिला काही कळलेलं नाही, एवढंच मला पुरे आहे.